फ्लॉरेन्समध्ये दोघांचा एक दिवस: काय बघायचं, काय सोडायचं आणि संध्याकाळी कोल्हापूरच्या महाराजांच्या छत्रीपाशी कसं पोचायचं

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं मिलानला होतो आणि तेवढ्यात फ्लॉरेन्सला चार वेळा जाऊन आलो. त्यातली पहिली खेप पार वाया गेली. सोमवार होता, म्युझियमं बंद, घुमटाची तिकिटं कधीच संपलेली, आणि भर उन्हात उपाशीपोटी रस्त्यात उभं राहून आमचं "तू बघायला हवं होतंस", "मग तू का नाही बघितलंस" सुरू झालं. चौथ्या खेपेला मात्र दिवस इतका छान गेला की अजून दोघांच्या बोलण्यात येतो. आता ओळखीतलं कुणी जोडपं इटलीला निघालं की मला मेसेज येतो, म्हणून दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आधी मुद्द्याचं सांगते. फ्लॉरेन्स एका दिवसात उरकायला जाऊ नका. तिकीट काढून आत जायच्या फक्त दोन गोष्टी ठरवा, एक त्याच्या आवडीची, एक तुमच्या आवडीची. बाकीचं गाव पायी बघा, ते तेवढंच सुंदर आहे आणि फुकट आहे. आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास मोकळे ठेवा, ते कशासाठी ते शेवटी सांगते, मराठी माणसानं ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

१. आधी वार बघा, मग तारीख ठरवा

बहुतेकांची चूक इथंच होते, आमचीही झाली. डेव्हिडचा पुतळा असलेली आकादेमिया गॅलरी आणि चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली उफ्फिझी गॅलरी, दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी कॅथेड्रल, म्हणजे ज्याला सगळे दुओमो म्हणतात ते, प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना आतून बघता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियमांना प्रवेश फुकट असतो हे वाचून कुणाला मोह होईल, पण त्या दिवशी रांग इतकी असते की एकच दिवस हातात असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. मंगळवार ते शनिवार यातला कुठलाही वार धरा. मला विचाराल तर बुधवार किंवा गुरुवार.

महिना तुमच्या हातात असेल तर एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी रस्ते तापतात, सावली शोधत फिरावं लागतं आणि गर्दी विचारू नका. हिवाळ्यात गर्दी कमी, पण डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा बेत अलीकडे ओढावा लागतो.

२. दोन गोष्टी निवडा आणि महिनाभर आधी बुकिंग करा

मोठ्या गोष्टी तीन आहेत: डेव्हिड, दुओमोचा घुमट आणि उफ्फिझी. तिन्ही एका दिवसात बसवणारे लोक आहेत, आम्हीही दुसऱ्या खेपेला बसवल्या. उफ्फिझीत शेवटच्या तासाला आम्ही चित्रं बघतच नव्हतो, बसायला बाक कुठं मिळतो ते बघत होतो. म्हणून माझा सल्ला डेव्हिड आणि घुमट. चित्रकलेची खरी आवड असेल तर डेव्हिड सोडून उफ्फिझी घ्या, बोत्तिचेल्लीच्या व्हीनससमोर उभं राहायला मिळणं काही छोटी गोष्ट नाही. पण मग तिथं तीन तास द्या, चारशे फोटो काढून पळू नका.

डेव्हिड आणि उफ्फिझीला ठरावीक वेळेचा स्लॉट मिळतो. आम्ही गेलो तेव्हा उफ्फिझीचं तिकीट २५ युरो होतं, आकादेमियाचं १६, आणि दोन्हींवर आगाऊ बुकिंगचे ४ युरो वेगळे. घुमटासाठी ब्रुनेलेस्की पास घ्यावा लागतो, तो ३० युरोंचा होता, तीन दिवस चालतो आणि त्यात घुमटाबरोबर घंटेचा मनोरा, बाप्टिस्टरी म्हणजे बाप्तिस्म्यासाठीची समोरची इमारत, आणि दुओमोचं म्युझियमही येतं. घुमट चढायची वेळ मात्र बुकिंग करतानाच पक्की होते, नंतर बदलत नाही. निघण्याआधी दर एकदा तपासून घ्या, वाढत राहतात.

इथली फसगत सांगते. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स म्युझियमच्या नसतात, दिसतात अगदी तशाच, नाव तेच, फोटो तेच, आणि तिकीट मात्र दुप्पट. पैसे भरायच्या आधी पानाच्या तळाशी जाऊन साइट कुणाची आहे ते वाचा. आम्ही एकदा असे जास्तीचे पैसे भरलेत, तिकीट खरं होतं म्हणून निभावलं.

दोन स्लॉटमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आमचा जमलेला बेत असा होता: साडेनऊला डेव्हिड, साडेअकराला घुमट.

३. बरोबर काय काय घ्यायचं

एकच पाठीवरची छोटी सॅक, दोघांत मिळून. मोठी बॅग म्युझियममध्ये आत नेता येत नाही आणि घुमटाला तर छोट्या पर्सशिवाय काही नको, जिने तेवढे अरुंद आहेत.

- दोघांचे पासपोर्ट. तिकिटांवर नाव असतं, दारात विचारू शकतात, आणि परदेशी माणसानं इटलीत ओळखपत्र जवळ बाळगणं अपेक्षितच आहे. आतल्या खिशात किंवा कपड्याच्या आतल्या पाऊचमध्ये ठेवा, आणि पासपोर्ट-व्हिसाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.
- प्रवासविम्याची प्रिंट. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा विमा काढलेला असतोच, तो कागद हॉटेलवर ठेवून काही उपयोग नाही.
- सगळी तिकिटं फोनमध्ये डाउनलोड करून. ऐन दारात नेट गेलं की फार धांदल होते. एकाचा फोन बंद पडला तर म्हणून दोघांकडेही हवीत.
- पाण्याची रिकामी बाटली. गावात जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाणी चांगलं असतं.
- ओढणी किंवा स्टोल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आणि हे पुरुषांच्या हाफ पँटलाही लागू आहे.
- वापरून रुळलेले बूट. नवे घालून जाऊ नका, दिवसाला वीस हजार पावलं सहज होतात आणि खाली सगळी दगडी फरशी.
- थोडे सुटे युरो, टॉयलेटला लागतात.

गाडी भाड्यानं घेऊन येणार असाल तर एक कळकळीची विनंती, गाडी जुन्या गावात घालू नका. तो सगळा भाग मर्यादित वाहतुकीचा आहे, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी भारतात घरपोच येतं. आमच्या ओळखीतल्या एकांना अशी तीन पत्रं आली, एकाच दुपारची. बाहेर पार्किंग करून ट्रामनं आत या, किंवा सरळ ट्रेननंच या.

४. ट्रेन, स्टेशन आणि लाल नंबरांचा घोळ

रोमहून फास्ट ट्रेननं साधारण दीड तास, मिलानहून दोन तासांच्या आत. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. उतरायचं स्टेशन म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला, तिकिटावर एस. एम. एन. असं असतं. काही गाड्या फक्त कांपो दी मार्ते किंवा रिफ्रेदी या बाजूच्या स्टेशनांवर थांबतात, दोन युरो वाचले म्हणून ते तिकीट काढलंत तर पुढं लोकल शोधण्यात सकाळचा अर्धा तास जातो.

साध्या, म्हणजे प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर दंड होतो. फास्ट ट्रेनच्या तिकिटाला हे लागत नाही, त्यावर तारीख-वेळ-सीट सगळं असतंच. मोठं सामान असेल तर स्टेशनमध्येच ठेवायची सोय आहे.

स्टेशनातून बाहेर पडलात की दुओमो दहा मिनिटं, आकादेमिया पंधरा मिनिटं, सगळं चालत. टॅक्सी लागलीच तर स्टँडवरूनच घ्या, हात दाखवून सहसा थांबत नाहीत.

आता लाल नंबर. फ्लॉरेन्समध्ये घरांचे नंबर दोन तऱ्हेचे असतात: राहत्या घरांना निळे किंवा काळे, आणि दुकानं-हॉटेलांना लाल. दोन्ही मोजणी वेगवेगळी चालते. म्हणजे एकाच रस्त्यावर ३८ नंबर दोनदा असतो, आणि ते दोन ३८ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. पत्त्यात आकड्यापुढं बारीक आर अक्षर असेल तर तो लाल नंबर, लाल म्हणजे रोस्सो, त्याचा आर. जेवायची जागा सापडत नाही म्हणून आम्ही एका रस्त्यावर तीन चकरा मारल्या होत्या, शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी नुसतं भिंतीवरच्या लाल पाटीकडं बोट दाखवलं.

५. सकाळ: डेव्हिड

स्लॉटच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. बुकिंगवाल्यांची रांग वेगळी असते, ती विचारून घ्या, नाहीतर भलत्याच रांगेत वेळ जातो.

आत गेल्यावर लांबूनच डेव्हिड दिसतो आणि सगळे त्याच्याकडं धावतात. तुम्ही धावू नका. त्याच्याकडं जाणाऱ्या त्या लांब दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले कैद्यांचे पुतळे आहेत. एकाचं डोकं अजून दगडातच आहे, खांदा तेवढा बाहेर आलाय. जवळ जाऊन बघा, छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात, काही ठिकाणी कंगवा फिरवल्यासारख्या समांतर रेघा आहेत. हे आधी बघितलं की मग डेव्हिडची गुळगुळीत पाठ बघताना माणसाच्या हातानं काय केलंय ते कळतं.

डेव्हिड ५.१७ मीटर उंच आहे, एकाच संगमरवरी शिळेतून काढलेला, आणि ती शिळा आधी दुसऱ्या शिल्पकारानं हात लावून सोडून दिलेली होती. मायकेलअँजेलोनं १५०१ मध्ये काम हातात घेतलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, १५०४ मध्ये पुतळा उभा राहिला. तो मूळ होता चौकात, उन्हापावसात, १८७३ मध्ये इथं आत आणला. सगळीकडून फिरून बघा, आणि उजव्या हातापाशी थांबा. हात जरा मोठाच आहे, मनगटावरच्या शिरा फुगलेल्या आहेत, समोरून शांत दिसणारा माणूस आतून किती ताणलेला आहे ते त्या हातावरून समजतं. माझा नवरा एरवी म्युझियममध्ये दहा मिनिटांत कंटाळतो, तो तिथं वीस मिनिटं उभा होता.

तास-सव्वा तास पुरतो. बाहेर पडून कॉफी घ्या, काउंटरपाशी उभं राहून. बसून प्यायलात तर त्याच कॉफीचे बऱ्याच ठिकाणी दुप्पट-तिप्पट पैसे होतात, विशेषतः मोठ्या चौकांत.

६. घुमट: चढायचा की नाही ते आधी बोलून घ्या

४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि मध्येच परत फिरणं सोपं नाही. गुडघेदुखी, दम्याचा त्रास किंवा बंद जागेची भीती असेल तर चढू नका, हे मी अगदी गांभीर्यानं सांगतेय. दोघांपैकी एकालाच चढायचं असेल तर खुशाल एकट्यानं चढा. दुसऱ्यानं तोवर मागच्या बाजूला दुओमोच्या म्युझियममध्ये जावं, तिथं गिबेर्ती या शिल्पकारानं १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं खपून केलेले बाप्टिस्टरीचे मूळ सोनेरी दरवाजे आहेत. बाहेर ज्या दारासमोर सगळे फोटो काढतात ती प्रतिकृती आहे. जोडप्यानं गेलो म्हणजे प्रत्येक मिनिट बरोबरच हवं असं नसतं, उलट दोघांकडे सांगायला काहीतरी वेगळं असलं की जेवताना गप्पा रंगतात.

चढणाऱ्यांसाठी: घुमट खरं तर एकात एक असे दोन आहेत आणि जिना त्या दोन भिंतींच्या मधून जातो. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ मध्ये तो बांधला, पंचेचाळीस मीटरच्या आसपास रुंदी, आणि खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. तेव्हा हे होईल असं कुणाला वाटत नव्हतं. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या-आडव्या रचल्यात, त्यामुळे चुना ओला असतानाही थर घसरत नसे. वर चढताना काही ठिकाणी ही रचना उघडी दिसते, तिथं मागच्या लोकांना जाऊ द्या आणि बघा. मध्ये एक कठड्याची वाट लागते, तिथून आतल्या बाजूचं, ख्रिस्ती धर्मातल्या शेवटच्या निवाड्याचं (जगाच्या अंती देव सगळ्यांचा न्याय करतो त्याचं) चित्र हाताच्या अंतरावर येतं. खालून जे राक्षस बोटाएवढे दिसतात ते इथं माणसाहून मोठे आहेत.

दुओमो आतून बघायला पैसे नाहीत, पण रांग वेगळी आणि वेळ साधारण सव्वादहा ते पावणेचार. रांग मोठी असेल तर मी सोडून देईन. आतून बरंचसं मोकळं आहे, खरं सौंदर्य बाहेरच्या हिरव्या, गुलाबी आणि पांढऱ्या संगमरवरात आहे, आणि ते बघायला रांग लागत नाही. मागच्या बाजूला फरशीत एक गोल पांढरी संगमरवरी तबकडी बसवलेली आहे. घुमटावरचा सोन्याचा मुलामा दिलेला मोठा गोळा वीज पडून खाली आला होता, तो जिथं पडला त्याची ही खूण. लोक तिच्यावरून चालत जातात, खाली बघत नाहीत.

७. जेवण, खास करून शाकाहारी लोकांसाठी

मी शाकाहारी, नवरा सगळं खातो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते. दुओमोच्या समोर जेवायला बसू नका, चार गल्ल्या आत जा. मेन्यूवर पदार्थांचे फोटो आणि दारात बोलावणारा माणूस असेल तर पुढं चला. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच मिळतं, तीन वाजता भूक लागली तर चांगल्या ठिकाणांची चूल बंद झालेली असते.

शाकाहारात रिबोल्लिता मागा, शिळा पाव, पांढरे बीन्स आणि काळपट हिरव्या कोबीच्या पानांचं घट्ट सूप, आपल्या फोडणीच्या पोळीसारखंच शिळ्याचं सोनं केलेलं. दुसरं पाप्पा अल पोमोदोरो, टोमॅटो आणि पावाचं. दोन्हींत मांसाचा रस्सा घातलेला असू शकतो, म्हणून विचारायचंच. बाईनं "सोनो वेजेतारियाना" म्हणायचं, पुरुषानं "वेजेतारियानो", आणि पुढं "सेंत्सा कार्ने, सेंत्सा ब्रोदो दी कार्ने", म्हणजे मांस नको, मांसाचा रस्सा नको. नुसतं व्हेज म्हटलं तर मासे चालतात असं समजणारे भेटतात. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थानं बनतं, कडक पाळणाऱ्यांनी तेही नको सांगावं.

रस्त्यावरच्या गाड्यांवर लांप्रेदोत्तो नावाचं सँडविच मिळतं, रांगा लागतात, ते गाईच्या पोटाचं असतं. आणि बिस्तेक्का अल्ला फियोरेंतिना हे इथलं सगळ्यात प्रसिद्ध जेवण म्हणजे बीफ. न विचारता काही मागवू नका.

टेबलावर आलेला पाव अळणी लागला तर तो बिघडलेला नाही, तोस्कानाच्या, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथल्या, पावात मीठ घालतच नाहीत. बिलात कोपेर्तो नावाचे माणशी दोन-तीन युरो लागतात, ते टेबलाचे असतात, फसवणूक नाही. घाई असेल तर सॅन लोरेंझो भागातला १८७४ चा मेर्कातो चेंत्राले बाजार बरा, वरच्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल आहेत, दोघांनी दोन वेगळीकडून आणून एका टेबलावर बसता येतं.

जेलातो घेताना रंग बघा. खरं पिस्ता फिकट मातकट हिरवं असतं. भडक पोपटी रंगाचे डोंगर रचून ठेवले असतील तर ते दुकान सोडा. खाणं घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर मात्र बसू नका, हटकतात.

८. दुपार: नुसतं चाला

दुओमोपासून सात-आठ मिनिटांवर पियात्सा देल्ला सिन्योरिया हा चौक. डेव्हिड मूळ जिथं होता तिथं १९१० पासून त्याची प्रतिकृती उभी आहे. बाजूच्या कमानींखाली खरे पुतळे आहेत, उघड्यावर, फुकट. शेजारीच उफ्फिझी, या नावाचा अर्थच मुळी ऑफिसं, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची सरकारी कचेरी होती ती. त्या घराण्याची शेवटची वारस अन्ना मारिया लुइझा हिनं १७३७ मध्ये करार करून ठेवला की हा सगळा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. एवढ्याशा गावात एवढं सगळं अजून आहे ते त्या बाईमुळे, ही गोष्ट मला फार आवडते.

तिथून नदीवर या. पोंते वेक्यो हा पूल १३४५ चा. त्यावर आधी खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये त्यांना उठवून सोनारांना जागा दिली, ते आजही आहेत. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं गावातले बाकीचे पूल उडवले, हा एकच राहिला. सोनं घ्यायचा बेत नसेल तर पूल दहा मिनिटांत ओलांडा, आणि चांगला फोटो पुलावरून येत नाही, शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून येतो.

चालताना भिंतींवर बारीक पाट्या शोधा, ४ नोव्हेंबर १९६६ तारीख आणि एक आडवी रेघ. त्या दिवशीच्या पुराचं पाणी तिथवर होतं. कितीतरी ठिकाणी रेघ आपल्या डोक्याच्या वर आहे. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना अशा रेघेखाली उभं राहिल्यावर काय वाटतं ते सांगायला नको.

सावध राहायच्या गोष्टी थोडक्यात. जमिनीवर चित्रांचे कागद पसरलेले असतात, चुकून पाय पडला तर पैसे मागतात. मनगटात दोरा बांधायला येणाऱ्याला हात देऊ नका. रस्त्यावर नकली ब्रँडच्या पर्स घेऊ नका, इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो. मोबाइल मागच्या खिशात नको.

९. संध्याकाळ: महाराजांची छत्री

आता ज्यासाठी वेळ राखून ठेवायला सांगितलं ते. आमच्या सासूबाई कोल्हापूरच्या. आम्ही तिसऱ्यांदा फ्लॉरेन्सहून परत आलो आणि फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग राजाराम महाराजांच्या छत्रीवर फूल वाहिलंस का?" मला काही माहीतच नव्हतं.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते, व्हिक्टोरिया राणीला भेटले, जाताना-येताना रोजनिशी लिहीत होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहन नदीच्या संगमावर व्हावं म्हणून खास परवानगी मिळाली, आणि आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते तिथं त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आत फुलर या इंग्रज शिल्पकारानं केलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मँटसाहेबांचा, ज्यांनी पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तेच. गावातले लोक त्या सगळ्या भागालाच इंडियानो म्हणतात, जवळचा १९७८ चा मोठा पूलसुद्धा पोंते आल्लिंडियानो, भारतीयाचा पूल.

जायचं कसं: स्टेशनच्या बाजूला आलामान्नी थांब्यावरून टी-वन ट्राम, विला कोस्तान्झाच्या दिशेची, आणि कास्चिने थांब्याला उतरा. तिकीट दीड तास चालतं, चढल्यावर लगेच मशीनला लावा, बँकेचं कार्ड टेकवूनही चालतं, पण दोघांची दोन कार्डं लावा म्हणजे गोंधळ नको. उतरलात की कास्चिने बाग सुरू होते, नदीच्या काठानं साडेतीन किलोमीटर लांब. छत्री अगदी पश्चिम टोकाला आहे, नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, रमतगमत पाऊण तास. सायकल मिळाली तर उत्तम, रस्ता सपाट आहे. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, तो दुपारी उठतो. वाटेत खायला-प्यायला फार काही नाही, पाणी भरून घ्या. उजेड असतानाच जाऊन या, अंधारात त्या टोकाला थांबू नका.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि तिथं आमच्याशिवाय फक्त एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. झाडांतून आधी छत्रीचा कळस दिसतो. मग आत महाराज. पुतळा पांढरा नाही, रंगवलेला आहे, फेटा, दागिने, कोवळा चेहरा. दिवसभर इतके संगमरवरी पुतळे बघून झाल्यावर एकदम आपल्याकडचा चेहरा समोर येतो. नवरा काही बोलला नाही, त्यानं बूट काढले. मी बाजारातून आणलेली पांढरी फुलं कठड्यापाशी ठेवली.

सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्र झाली होती. त्यांनी फेटा बघितला, हात जोडले, आणि म्हणाल्या, "संगम कुठंय तो दाखव." फोन नदीकडं फिरवला. पाणी कमीच होतं, पण दोन प्रवाह मिळतात ते दिसत होतं. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या बाईला तेवढं पुरलं.

चालायची ताकद उरली नसेल किंवा ढग आले असतील तर दुसरा पर्याय म्हणून पियात्साले मिकेलांजेलो आहे, बस नंबर १२ किंवा १३, सगळं गाव खाली पसरलेलं दिसतं आणि सूर्यास्ताला भरपूर गर्दी असते. तेही सुंदर आहे, पण तो फोटो सगळ्यांकडे असतो.

१०. परतीची गाडी

छत्रीपासून स्टेशनला पोचायला चालणं आणि ट्राम धरून सव्वा तास ठेवा, वर खाण्यासाठी अर्धा तास. स्टेशनच्या आसपासच्या दुकानात स्कियाच्चाता मिळते, ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव, त्यात पेकोरिनो चीज आणि भाजलेल्या भाज्या घालून घ्या, गाडीत खाता येते. पेकोरिनोतही बहुतेक वेळा रेनेट असतं, त्यामुळे चीजचं पाळणाऱ्यांनी नुसत्या भाज्यांची मागा. प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर बऱ्याचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, त्यामुळे एकानं बोर्डासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं खाणं आणायचं. आणि शेवटच्या गाडीचं तिकीट काढू नका, तिच्या आधीच्या गाडीचं काढा.